पांढऱ्याला लावलेली नीळ

पॅनेलवर ओतलेलं पाणी ओघळून गेलं नाही, तेव्हाच इसिद्रा माकाराएगच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

अळवाच्या पानावर पाणी टाकावं, त्याचे मोती व्हावेत, ते घरंगळून जावेत आणि पान कोरडंच्या कोरडं राहावं, तसं या पॅनेलवर व्हायला हवं. एकतीस वर्षं तसंच होत आलं होतं. आज मात्र पाणी पसरलं. ओट्यावर सांडलेल्या पेजेसारखं पसरलं आणि तिथंच चिकटून बसलं. सिद्रानं पॅनेल दोन्ही कडांनी धरलं, तिरकं केलं, पार उभं केलं. पाणी हलायला तयार नाही. मग तिनं नाक जवळ नेलं. वास आला. जाईच्या फुलांचा, पण बाजारात साबणाच्या वडीबरोबर मिळणाऱ्या जाईचा.

"जाई!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. "माझ्या पॅनेलला जाईचा वास!"

बाहेर जीपच्या टपावरून सामान उतरवणाऱ्या नार्सिंग ड्रायव्हरनं तो आवाज ऐकला आणि तो टपावरच बसून राहिला. खाली उतरण्याची त्याला एकाएकी काही घाई वाटेना.

दिसायला हे पॅनेल म्हणजे काही मोठं नवल नाही. पोळपाटाएवढा चौकोन, बोटभर जाड. पांढरा, पण चमक नसलेला, कुणाकडे लक्ष न मागणारा पांढरा. संशोधन केंद्रातली माणसं भाताच्या पानांवरून परत येणारा उजेड यंत्रानं मोजतात. पान तहानलेलं आहे का, उपाशी आहे का, हे तो उजेड सांगतो. पण मोजण्याआधी यंत्राला हे पांढरं दाखवावं लागतं: बघ बाबा, हा पुरा उजेड, आता बाकीच्यांचं याच्या मापानं सांग. गाण्याआधी तंबोरा लावतात तसंच. तंबोरा उतरलेला असला तर गवई कितीही तालेवार असो, अख्खी मैफल उतरते, आणि चूक कुठं आहे हे ऐकणाऱ्याला उमगतही नाही.

तर मकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या या केंद्रात, तो तंबोरा लावणारी बाई म्हणजे सिद्रा. सगळे तिला आते सिद्रा म्हणत. आते म्हणजे थोरली बहीण. वयानं तिच्याहून मोठे होते तेही म्हणत, कारण तिच्या हातात घासायचा वॉटर पेपर असताना तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ती आली ती झाडू मारायला. तेव्हा या खोलीत कुया एमोंग नावाचा म्हातारा होता. कुया म्हणजे दादा. केंद्रात सगळेच त्याचे धाकटे भाऊ. तो केंद्राची यंत्रं सांभाळायचा. त्यानं एकदा या पोरीला फरशी पुसताना पाहिलं. फरशी पुसून झाल्यावर ती खाली वाकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून, उजेडाच्या बाजूनं फरशीकडे बघायची. डाग वरून दिसत नाही, बाजूनं दिसतो. एमोंगनं विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"आईनं. ती धोबीण आहे."

"कुणाचे कपडे धुते?"

"प्रोफेसरांचे. सगळे पांढरे."

एमोंगनं झाडू तिच्या हातातून काढून कोपऱ्यात उभा केला आणि तिला नळापाशी नेलं. सपाट जाड काच, तिच्यावर दोनशे वीस नंबरचा वॉटर पेपर, वरून पाण्याची बारीक धार, आणि पॅनेल पालथं धरून इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायचं. जोर द्यायचा नाही, हाताचं वजन तेवढंच. बोट फक्त कडेला. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचा कण उडतो. मळकट थर दुधासारखा वाहून जातो आणि खालचा कोवळा थर वर येतो. "कधी थांबायचं?" तिनं विचारलं होतं. एमोंग म्हणाला, "पाणी सही करेल. मोती होऊन घरंगळलं की झाली सही. मग वहीत तू सही कर. आधी पाणी, मग माणूस." आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "दर वेळी थोडं झिजतं हं. परत भरून येत नाही. म्हणून मिरवायला घासायचं नाही, मळलं तरच घासायचं."

एमोंग गेला. वही तिच्याकडे आली. दर घासणीला तारीख, कारण, आणि खाली इ. माकाराएग. एकतीस वर्षांत एक ओळ खोटी नाही. आणि एकतीस वर्षांत ती कायम झाली नव्हती. दर सहा महिन्यांनी नवा कागद यायचा, ती सही करायची, पुन्हा सहा महिन्यांची माणूस व्हायची. या गोष्टीचा राग ती रोज सकाळी सुकट आणि लसणीच्या भाताबरोबर खाऊन टाकायची. पचायचा नाही, पण खाऊन टाकायची.

तर आता, जाईचा वास येणारं पॅनेल टेबलावर ठेवून तिनं कपाटाचं कुलूप काढलं. आत दुसरं पॅनेल होतं, थोरलं. थोरलं कधी शेतावर जात नाही, ऊन बघत नाही, त्याला वर्षानुवर्षं कुणी घासत नाही. शेतावर जातं ते धाकटं. धाकटं परत आलं की थोरल्याच्या शेजारी ठेवून दोघांचा उजेड मोजायचा, एवढाच सोपा न्याय. तिनं उन्हाच्या जातीचा दिवा लावला आणि यंत्र दोघांवर धरलं. लाल ठीक. हिरवा ठीक. निळ्यावर आली आणि आकडा बघून तिनं चष्मा पुसला. मग पुन्हा बघितला.

शंभरात एकशे सात.

दिलेल्या उजेडापेक्षा जास्त उजेड परत देणारी वस्तू जगात नाही. असली, तर ती कुठून तरी चोरीचा माल आणत असते.

"नार्सिंग!"

नार्सिंग आला. पन्नाशीचा, ढेरीवर टी-शर्ट गुंडाळलेला, हातात पांदेसाल पावाची पिशवी. तीन आठवडे तो धाकटं पॅनेल आणि मोजणारी माणसं घेऊन नुएवा एसिहाच्या शेतांतून हिंडून आला होता.

"आते, पाव खा. गरम आहे."

"कुठला साबण?"

"कसला साबण?"

"तुझ्या बायकोचा नवरा खोटं बोलताना डावा कान खाजवतो. हात खाली घे."

नार्सिंगनं हात खाली घेतला. मग पावाची पिशवीही खाली ठेवली. "वडी होती. निळ्या ठिपक्यांची."

"का?"

"तू रजेवर होतीस ना, आईच्या वर्षश्राद्धाला. त्याच दिवशी ते पाहुणे यायचे होते, पैसे देणारे. डॉक्टर विलालुझ आदल्या दिवशी इथं आले, हे उचललं, म्हणाले, हे काय रे, मासे कापायच्या फळीसारखं. मी म्हटलं, आते परवा येईल, आली की घासेल. म्हणाले, पाहुणे परवा थांबणार आहेत का? माझ्या शर्टासारखं पांढरं करून ठेव."

"आणि तू केलंस."

"मनापासून केलं, आते! काथ्यानं नाही हं घासलं, मऊ फडक्यानं. दुपारी बादलीत भिजत घातलं, दुसऱ्या सकाळी काढलं, उन्हात ठेवलं. पाहुण्यांनी फोटो काढले त्याच्याबरोबर. एक बाई तर म्हणाली, किती पांढरं!"

"बादलीत," सिद्रा म्हणाली. "अख्खी रात्र बादलीत. अरे, याच्या अंगात बारीक बारीक भोकं असतात. साबण आत गेला, आत घर करून बसला. चड्ड्या होत्या का त्या तुझ्या, भिजत घालायला?"

"मला काय ठाऊक भोकं असतात ते. मी ड्रायव्हर माणूस."

"ड्रायव्हर आहेस तर गाडीत साबण टाक. पेट्रोलच्या टाकीत टाक. आतून पांढरी होऊ दे."

नार्सिंग हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते हसू गिळलं. "माझं नाव सांगणार आहेस का वर? माझाही कागद सहा महिन्यांचाच आहे, आते."

तिनं वही उघडली, बादलीच्या दिवसाची, दोन मार्चची, रिकामी जागा बघितली आणि वही मिटली.

डॉक्टर विलालुझ या विभागाचे प्रमुख होऊन पाच महिने झाले होते. चाळिशीचे, हुशार, परदेशी शिकून आलेले. त्यांचा शर्ट खोलीत आधी यायचा, मागून ते. आकडे बिघडलेत हे त्यांच्याही लक्षात आलं होतं; तीन आठवड्यांच्या मोजण्या संगणकावर मांडल्यावर सगळ्या भाताला एकाच वेळी कावीळ झाल्यासारखी दिसत होती. ते आले ते दार लावून घेऊनच.

"आते सिद्रा, बसा ना."

"मी उभी राहूनच काम करते, सर."

"बरं. हे बघा, माणूस आहे, चूक होते. मी कुणाला दोष देत नाही. तुमचं वय, डोळे... आपण समजून घेऊ. वहीत एकच ओळ लिहायची. एक मार्चला, रजेवर जाण्याआधी, तुम्ही पॅनेल घासलंत आणि जरा जास्त घासलं गेलं. पृष्ठभाग बिघडला. बस. पैसे देणाऱ्यांना कारण कळवायचंय. कारण दिलं की ते पुढच्या हंगामाला पैसे देतात, न दिलं की प्रश्न विचारतात."

रागात सिद्राचं 'अहो' कधी सुटत नसे. उलट राग वाढला की आदर वाढायचा, आणि ओळखणारी माणसं तो आदर ऐकून दोन पावलं मागं सरायची. डॉक्टर अजून ओळखत नव्हते.

"सर, आपण एवढे शिकलेले. आपल्याला मी काय सांगावं. पण एक मार्चला मी पॅनेलला हात लावला नाही. पॅनेल साबणानं धुतलंय. पांढरेपणा आणणाऱ्या साबणानं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं. पण माणूस घाबरला की आठवलेलंही विसरतो. "साबणानं काय होतं? मळ जातो. उलट आधीपेक्षा स्वच्छ दिसतंय. पांढरं ते पांढरं."

"साबण असं लिहिलंत तर फक्त निळ्याचे आकडे जातील, सर. बाकीचा हंगाम वाचेल. मी घासून बिघडवलं असं लिहिलं, तर कुठं किती बिघडलं हे देवालाही सांगता येणार नाही. तीन आठवडे उन्हात उभं राहून माणसांनी मोजलेलं सगळं पाण्यात."

"आणि मी लिहायचं काय? प्रमुखानं उपकरण बादलीत बुडवायला लावलं?" हे बोलून गेल्यावर डॉक्टरांनी ओठ दाबले. मग हळू आवाजात म्हणाले, "बुधवारी तुमचा नवा कागद सहीला येतोय. वही आणि कागद, दोन्ही सह्या एकदमच करू. पवित्र आठवडा आहे, सगळ्यांना लवकर घरी जायचंय."

ते गेले. शर्ट आधी, मागून ते.

सिद्रा खोलीत उभी राहिली. डोक्यात राग असताना काचेला हात लावायचा नाही, हा एमोंगचा नियम, म्हणून ती तशीच बाहेर पडली आणि भर दुपारी उन्हातून तरातरा चालत गावच्या चॅपेलच्या मंडपात गेली. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ओरडून घ्यायला नार्सिंगसारखा माणूस नव्हता.

नार्सिंग शिडीवर होता. शुक्रवारी ख्रिस्ताच्या दुःखाचं नाटक, आणि गेली वीस वर्षं त्या नाटकाचे दिवे तोच लावायचा. खाली पुठ्ठ्याचे रोमन शिपाई वाळत पडले होते. देवदूतांचे पंख दोरीवर टांगले होते.

"साबणवाल्या!" सिद्रा खालून म्हणाली.

"आते, शिडी हलवू नको."

"हलवते की पाडते ते बघ. त्यांना सगळं आठवतंय. तरी म्हणतात, पांढरं ते पांढरं! पुरावा काय द्यायचा यांना? आकडा दाखवला तर म्हणतील यंत्र म्हातारं, बाई म्हातारी..."

आणि ती मध्येच थांबली. नार्सिंगच्या हातात एक नळी होती. हातभर लांब, काळी, पेटवली तरी डोळ्यांना दिसेल असा उजेड न देणारी. देवदूतांची नळी.

त्या नळीशी सिद्राची जुनी ओळख होती. ती एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा या नाटकात ती वेरोनिका व्हायची. क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचा घामेजला चेहरा वेरोनिका रुमालानं पुसते, आणि रुमाल उघडून दाखवते तर त्यावर देवाचा चेहरा उमटलेला. अख्ख्या नाटकात तिला एक वाक्य नव्हतं, पण बायका तिच्यासाठी यायच्या. रुमाल उघडला की मंडपात हुंदका फुटायचा. त्या वर्षी कालांबाच्या नाचघरातून कुणीतरी ही काळी नळी आणली. अंधारात देवदूतांचे पंख निळे पेटले, लोक थक्क झाले. आणि सिद्राच्या आईनं, ग्लिसेरियानं, लेकीचा रुमाल सगळ्यांत भारी, नवी, पांढरेपणाची पूड लावून धुतला होता. लेक रंगभूमीवर उभी, आईची इज्जत त्या रुमालात. वेरोनिकानं चेहरा पुसला, दोन्ही हातांनी रुमाल उघडला, वर धरला, आणि रुमाल असा पेटला, असा निळाभोर पेटला, की त्यावर फिक्या तपकिरी रंगानं काढलेला चेहरा दिसेनासाच झाला. मग पुढून कुणीतरी ओरडलं, "वेरोनिका, देव धुऊन काढलास गं!"

हशा काय झाला म्हणता. क्रूस धरलेला ख्रिस्तसुद्धा खांदे उडवून हसत होता. सिद्रा रुमाल धरून तशीच उभी राहिली. बाहेर जायची वेळ होईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. जिनं तसं उभं राहून बघितलंय तिला मागाहून कुठल्या साहेबाची भीती वाटत नाही.

आई तिसऱ्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी तिनं रुमाल साध्या साबणानं धुतला, मग पुन्हा धुतला, कालामान्सी लिंबू लावून दगडावर उन्हात टाकला, दिवसामागून दिवस. पुढच्या वर्षी नळीखाली रुमाल शांत राहिला आणि चेहरा दिसला. "नीळ काय आणि ही पूड काय," आई म्हणाली होती, "डोळ्यांना दिलेली लाच. पिवळं पिवळंच असतं, डोळा गप्प बसतो एवढंच."

"नार्सिंग," सिद्रा म्हणाली, "ती नळी मला दे."

"आते, शुक्रवारी देवदूत अंधारात राहतील."

"बुधवारी दुपारी परत मिळेल तुझ्या देवदूतांना. तूच घेऊन ये, तारा तुला जोडता येतात. तुझं नाव मी घेणार नाही. घ्यायचं असेल तर तुला तोंड आहे."

शिडीवर नार्सिंगनं नळी उगाचच शर्टाला पुसली. मग म्हणाला, "आणतो. पण मला शिव्या द्यायच्या थांबव."

"त्या शुक्रवारपर्यंत चालतील."

बुधवारी अकरा वाजता यंत्रांच्या खोलीत मोजणी करणारी तीन माणसं होती, शेतविभागाच्या दोन बाया होत्या. सिद्रानंच बोलावलं होतं, सुट्टीआधी सुमान खाऊन जा म्हणून. नारळाच्या दुधात शिजवलेला, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात कुणी नाकारत नाही. डॉक्टर नवा कागद घेऊन आले आणि एवढी माणसं बघून दारात थबकले.

"वही तयार आहे, सर," सिद्रा म्हणाली. "आपण म्हणाल तिथं सही होईल. फक्त एक मिनिट दिवा घालवते. पॅनेलचं काम अंधारात तपासायची जुनी पद्धत आहे."

अशी काही पद्धत नव्हती. पण प्रमुखाला पद्धत माहीत नाही असं पाच जणांसमोर कसं म्हणायचं? डॉक्टरांनी मान डोलावली. या खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे कायमचेच. सिद्रानं बटण दाबलं. काळोख झाला. कुणीतरी सुमानचं पान चुरगाळल्याचा आवाज आला.

"नार्सिंग," ती म्हणाली.

नळी पेटली. उजेड असा आलाच नाही, काळोख जरा जांभळा झाला एवढंच. आणि त्या जांभळ्या काळोखात एक शर्ट उभा राहिला. नुसता शर्ट. मान नाही, डोकं नाही, हात नाहीत. कॉलरपासून शेवटच्या बटणापर्यंत निळा पेटलेला, भुतासारखा. बायांपैकी एक "आय्यो!" करून मागं सरकली. दुसरी हसली आणि तिचे दातही निळसर चमकले.

आणि शर्टाच्या समोर, टेबलावर, तसाच निळा पेटलेला एक चौकोन.

"हे धाकटं पॅनेल," सिद्राचा आवाज आला. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा तिनं टाकला. "आणि त्याच्या शेजारी थोरलं आहे. दिसतंय का?"

"नाही दिसत," मोजणीवाल्यांपैकी एक जण म्हणाला. "एवढं... थोडं करडं काहीतरी आहे."

"बरोबर. थोरलं न दिसणारा उजेड दिसता करून दाखवत नाही, ते साबणातल्या पुडीचं काम. याच्या शेजारी माझ्या आईनं धुतलेला रुमाल ठेवलाय. तोही दिसत नाही. पांढरा आहे, पण गप्प आहे. दिसतायत दोनच. सर, आपला शर्ट आणि माझं पॅनेल एकाच वडीनं धुतलेत."

कुणी हसलं नाही. हसू आलं होतं, पण ते सगळ्यांनी सुमानबरोबर खाऊन टाकलं. पेटलेला शर्ट एक पाऊल मागं गेला, मग उजवीकडे वळला. काळोखात प्रमुखाला लपता येतं, शर्टाला येत नाही.

"हे कुणी धुतलं?" शर्ट म्हणाला.

नळीच्या तारेपाशी कुणीतरी जोरात श्वास घेतला.

"मी," नार्सिंग म्हणाला. "साबण मी आणला, बादली माझी. पण सांगितलं तुम्ही, सर. माझ्या शर्टासारखं पांढरं कर, असं म्हणालात. बघा की. केलं तस्संच."

आता मात्र मोजणीवाल्याचं हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं.

सिद्रानं दिवा लावला. डॉक्टरांना डोकं आणि हात परत आले. चेहरा लाल झाला होता. तिनं वही त्यांच्यासमोर सरकवली, दोन मार्चच्या जागेवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी खिशातून पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको, सर. पेन्सिल सुतारांना." तिनं आपलं बॉलपेन पुढं केलं.

त्यांनी लिहिलं: पॅनेल साबणाने धुतले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"आते सिद्रा, पुरे झालं."

"सर, एकतीस वर्षं या वहीत दर ओळीला माणूस आहे. बिनमाणसाची ओळ मी ठेवत नाही. आपल्यासारख्या शिकलेल्या माणसाचं नाव वहीत असलं तर वहीचाच मान वाढेल."

आदर ऐकून नार्सिंग दोन पावलं मागं सरला. पंखा घरघरत होता. डॉक्टरांनी लिहिलं: माझ्या. खाली सही केली. पेन टेबलावर टाकलं. "झालं समाधान?"

"नाही, सर."

त्यांना वाटलं ती पुढं काही बोलेल. तिनं धाकटं पॅनेल कडेनं उचललं, नळापाशी गेली, काच पुसली, नवा वॉटर पेपर भिजवून तिच्यावर पसरला. माणसं सुमान घेऊन हळूहळू पांगली. मोजणीवाला दारातून म्हणाला, "आते, मग निळे आकडे तेवढे काढायचे ना? बाकी ठेवायचे?" "बाकी ठेवा," ती पाठमोरीच म्हणाली, आणि त्या पोक्त माणसाचा खांदा तीन आठवड्यांनी पहिल्यांदा खाली आला.

डॉक्टर अजून उभे होते. हातातल्या नव्या कागदाचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी तो पुढं करून म्हणाले, "ही तुमची... सहा महिन्यांची सही."

"ठेवा तिथं. हात ओले आहेत."

ते ठेवून गेले. कागद टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत राहिला. या कागदानं एकतीस वर्षं तिला ताटकळत ठेवलं होतं. आता तू बस म्हणावं वाट बघत.

ती घासत होती. इंग्रजी आठ, पुन्हा आठ, वरून बारीक धार. दूध वाहत होतं, आणि पहिल्या दुधाला जाईचा वास होता. तिनं पाणी ओतून बघितलं, चिकटलं. पुन्हा घासलं. पुन्हा चिकटलं. एरवी एका घासणीत होणारं काम, आज चौथी घासणी झाली, पाचवी झाली. साबण पार आत गेला होता. नार्सिंग तारा गुंडाळत कोपऱ्यात रेंगाळला होता. नळी गोणपाटात बांधून झाली तरी जात नव्हता. त्यानं डिस्टिल्ड पाण्याचा कॅन तिच्या हाताशी आणून ठेवला.

"आते," तो शेवटी म्हणाला, "आता तरी राग गेला का?"

सिद्रानं नळ बंद केला. कपाटातून मोजपट्टी काढून पॅनेलच्या कडेला लावली आणि ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. एमोंगनं हातात दिलं तेव्हा ते केवढं जाड होतं ते तिला रेघेसकट पाठ होतं. इतक्या वर्षांची झीज तिनं एकेका थरानं जपून खर्चली होती.

"राग कसला जातोय," ती म्हणाली. "अर्धा मिलिमीटर गेला माझा. एका फोटोसाठी."

मग तिनं सातव्यांदा पाणी ओतलं. पाणी पांढऱ्यावर पडलं, थबकलं, गोळा झालं, आणि मोती होऊन कडेवरून खाली घरंगळून गेलं. तिनं हात कोरडे केले, वही ओढली आणि डॉक्टरांच्या सहीखालच्या ओळीत तारीख घातली. कारण या रकान्यात लिहिलं: साबण. आणि खाली, इ. माकाराएग.